धुराड्याचं अस्तर

अल ऐनला हिवाळा आला की आधी तो कानांना कळायचा. वर्षातले बरेचसे महिने घरातल्या खोल्याखोल्यांतून एसीची घरघर चालू असायची, आणि ती ऐकूच येत नाही इतकी आम्हाला तिची सवय झालेली असायची. मग एखाद्या सकाळी आई उठून सगळी बटणं बंद करायची, खिडक्या उघडायची, आणि घरात एकदम निराळेच आवाज यायला लागायचे. गच्चीवर कबुतरं घुमायची, पलीकडच्या कंपाउंडमधल्या बकऱ्या ओरडायच्या, पाण्याचा टँकर मागे येताना पीं पीं करायचा, आणि खालच्या मजल्यावरून पितळी खलबत्त्यात कॉफीचे दाणे कुटल्याची ठणठण यायची. कुटता कुटता मध्येच बत्ता खलाच्या काठावर वाजवला जायचा. गल्लीतल्या बायकांना तेवढं ऐकू आलं की कॉफीचं बोलावणं पोचायचं.

खलबत्त्याचा तो आवाज खालतींचा. लोक त्यांना उम्म सईद म्हणायचे, म्हणजे सईदची आई; पण मला त्यांनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं की तू मला खालती म्हणायचं. अरबीत खालती म्हणजे माझी मावशी. बाबांना याची फार गंमत वाटायची, कारण त्या राहायच्याही खालतीच. व्हिला त्यांचा, वरचा मजला भाड्यानं आमच्याकडे, जिना बाहेरून. 'खालती खालती आहेत का गं?' असं बाबा विचारायचे आणि स्वतःच हसायचे. बाबा तिथल्या एका इस्पितळात हिशेब खात्यात होते. मी शाळेत अरबी शिकले होते आणि उरलेलं खालतींच्या ओसरीवर. आईला अरबी येत नव्हतं, खालतींना हिंदी यायचं ते दुकानातल्या घासाघिशीपुरतं. त्यामुळे दोघींना एकमेकींशी काही बोलायचं असलं की मला हाक यायची. आई मराठीत बोलायची, मी तिला अर्धं इंग्रजीत उत्तर द्यायचे, आणि खालतींना अरबीत सांगायचे. पुढे आयुष्यभर मी दुभाषी म्हणूनच पोट भरलं. इस्पितळांतून, कोर्टांतून बसले. पण माझी पहिली नोकरी ती, जिन्याच्या मधल्या पायरीवरची.

त्या दोघींचं खरं बोलणं डब्यांतून व्हायचं. खालून हरीस यायचा, गहू आणि मटण घोटून घोटून केलेला, वर तुपाचं तळं. आमच्याकडे मटण चालायचं म्हणून बरं. कधी खजुराच्या पाकातले गरम लुगैमात, पिठाचे तळलेले गोळे, यायचे. रिकामा डबा परत द्यायचा नाही हे दोघींनाही न सांगता ठाऊक होतं. आईची थालीपीठं खालतींना इतकी आवडायची की त्या ती कॉफीबरोबर खायच्या, आणि बायकांना सांगायच्या, ही हिंदी भाकरी आहे, हिच्यात सगळी धान्यं भांडण विसरून एकत्र आली आहेत.

लोक परदेशातून अत्तर आणतात, सोनं आणतात. खालतींनी शेगडी आणली होती. त्यांच्या यजमानांच्या पाठीच्या ऑपरेशनसाठी ती दोघं एका थंड देशात जाऊन राहिली होती, आणि उतरायच्या घरात एक काळी बिडाची शेगडी होती, पुढे काचेचं दार असलेली. यजमान उठून चालायला लागेपर्यंत खालती रोज तिच्यापुढे बसल्या. निघताना यजमानांनी विचारलं, तुला काय हवं? तर ह्या म्हणाल्या, ही. अगदी तसली शेगडी जहाजानं आली. बांधकामवाल्यानं मजलिसच्या, म्हणजे बैठकीच्या खोलीच्या, बाहेरच्या भिंतीला लागून तिच्यासाठी धुराडं उभारलं. सिमेंटचे ब्लॉक, वर गिलावा, माथ्यावर नक्षीदार मुकुट. आतून एवढं ऐसपैस की लहान मूल उभं राहावं. गल्लीतून ते झकास दिसायचं. तेच धुराडं माझ्या खोलीच्या भिंतीला चिकटून वर आमच्या गच्चीवर निघत होतं. आम्ही राहायला आलो तेव्हा यजमान वारले होते. हिवाळ्याच्या सकाळी समर नावाच्या काटेरी झाडाची जड, तांबूस लाकडं घालून खालती शेगडी पेटवायच्या आणि बायका जमायच्या.

दिसायला झकास होतं, पण त्या धुराड्याला ओढ म्हणून नव्हती. शेगडीचं दार उघडलं की धूर मजलिसमध्ये यायचा, आणि उरलेला ब्लॉकच्या सांध्यांतून वाट काढत माझ्या खोलीत. भिंतीतल्या चिरेत आई ओलं फडकं कोंबायची. माझा शाळेचा गणवेश, वह्या, केस, सगळ्याला समरचा वास. वर्गातल्या मुली विचारायच्या, रोज कुठे बार्बेक्यूला जातेस?

आईबद्दल इथे सांगायला हवं. ती मूळची सांगलीची. आयटीआयमधून मेकॅनिकल ड्राफ्ट्समनचा कोर्स केलेली, तिच्या तुकडीत एकटी मुलगी. चिंचवडला बॉयलरच्या कारखान्यात ड्रॉइंग ऑफिसला होती. मी झाल्यावरही ती नोकरी करत होती आणि मला पाळणाघराच्या दारातून तिची पाठमोरी, ड्रॉइंगची नळकांडी काखेत मारलेली आकृती अजून आठवते. मग बाबांना अल ऐनची नोकरी लागली. बाबांच्या व्हिसावर आम्ही दोघी आलो. आईच्या व्हिसावर शिक्का होता, काम करण्यास परवानगी नाही. तिनं त्याबद्दल कधी तक्रार केली नाही. फक्त कुणी 'भाभीजी क्या करती हैं?' असं विचारलं की ती पाणी आणायला स्वयंपाकघरात जायची.

त्या दिवशी शुक्रवार होता, धुक्याची सकाळ. समोरचा रस्ता दिसत नव्हता, मग जबल हफीतचा डोंगर कुठला दिसायला. खाली खलबत्ता वाजला नाही हे आईच्याच लक्षात आलं. ती म्हणाली, ''मिनू, हा डबा देऊन ये. आणि बघ गं, बरं आहे ना त्यांचं.'' मी थालीपीठांचा डबा घेऊन खाली गेले. मजलिसचं दार लोटलेलं होतं. उघडलं तर आत नुसता धूर, छतापासून गुडघ्यापर्यंत लोंबणारा. शेगडी धुमसत होती आणि तिच्यापुढे गादीवर खालती एका कुशीवर कलंडल्या होत्या. मी हाक मारली. त्यांनी डोळे उघडले आणि माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी कुणीच नव्हे.

मी किंचाळले ते आईचं नाव घेऊन नाही, नुसतीच. आई जिना कशी उतरली देव जाणे, तिच्या हाताला कणीक होती. तिनं तोंडावर ओढणी धरली, खालतींच्या काखांत हात घातले आणि त्यांना ओढत ओसरीवर आणलं. मी खिडक्या उघडायला धावले, पण त्या एसीसाठी सिलिकॉननं बंद केलेल्या. बाबांनी गाडी काढली. इस्पितळात त्यांना ऑक्सिजन लावला. धुराबरोबरचा विषारी वायू रक्तात गेला होता, आणखी थोडा उशीर झाला असता तर वाचल्या नसत्या, असं डॉक्टर म्हणाले.

खालतींचा मुलगा सईद अबू धाबीला नोकरीला होता, खलिफा सिटीत राहायचा. तो दुपारच्या आत पोचला. शांत स्वभावाचा, पस्तिशीतला माणूस. आईला आणि मला त्यानं इतक्यांदा शुक्रन म्हटलं की आम्हालाच कसंनुसं झालं. दोनच दिवसांत खालती घरी आल्या, आणि सईदनं जाहीर केलं की धुराडं विटांनी बंद करायचं, शेगडी बाहेर काढायची, तिथे विजेचा हीटर बसवायचा, खलास.

खालती गादीवर ताठ बसल्या होत्या. म्हणाल्या, ''मग मलाही विटांनी बंद कर.''

''यम्मा, तू मेली असतीस.''

''त्या शेगडीपुढे तुझा बाप पुन्हा चालायला शिकला. हीटरपुढे मी काय करू? बटण दाबू?''

मी हे आईला मराठीत सांगत होते. आई शेगडीकडे बघत होती. मग ती म्हणाली, ''मिने, यांना सांग, शेगडीचा दोष नाही. धुराड्याचा आहे. ते दुरुस्त होतं.''

दारात उभे असलेले बाबा चटकन म्हणाले, ''अगं, आपण भाडेकरू. उद्या पुन्हा काही झालं तर? त्यांचं जीवावर बेतलंय.''

''अहो, आपली मुलगी त्या भिंतीला डोकं लावून झोपते,'' आई म्हणाली. ''जीवावर आपल्याही बेतलंय.''

मी सांगायला लागले. 'ड्राफ्ट', म्हणजे धुराड्याची ओढ, या शब्दाला अरबीत काय म्हणतात मला माहीत नव्हतं. आई सांगत होती, शेगडीचं तोंड अरुंद आणि धुराडं एवढं मोठं, त्यातून बाहेरची भिंत थंडगार. धूर आत शिरला की पसरतो, गार पडतो, मग वर चढत नाही. सांगलीला आमच्याकडे पाणी तापवायचा तांब्याचा बंब होता, त्याची नळी मनगटाएवढी, म्हणून तर भकाभका ओढायचा. मी भाषांतर केलं, ''आई म्हणते, मोठ्या घरात शिरला की धुराला थंडी वाजते आणि तो वर जायचं विसरतो.''

''माझं जिन्यावर होतं तसं,'' खालती म्हणाल्या. सईदला हसू आलं, पण त्यानं ते आवरलं. तो आईकडे वळून इंग्रजीत म्हणाला, ''मॅडम, तुम्हाला हे कसं माहीत?''

मग मीच म्हणाले, ''शी मेड बॉयलर चिमनीज. इन अ फॅक्टरी.'' आईनं माझ्याकडे पाहिलं. तिच्या कामाबद्दल चारचौघांत बोललेलं तिनं बहुधा कैक वर्षांत ऐकलं नव्हतं.

सईदनं एक मेंटेनन्स कंपनीचा सुपरवायझरही बोलावला. तोही भला माणूस होता. त्याचं म्हणणं, त्याच्याकडे एसीच्या कामातला दहा इंची जस्ताचा डक्ट पडलेला आहे, तो आत सोडू, माथ्यावर पंखा लावू. ''भाभीजी, बडा पाइप मतलब ज़्यादा धुआँ जाएगा.'' आई म्हणाली, ''नहीं भाईसाब, जितना शेगडी का मुँह, उतनाच पाइप.'' तिचं हिंदी असंच होतं, पण गणित पक्कं. दहा इंचात धूर पुन्हा गार पडेल. जस्ताचा थर उष्णतेनं जळेल, त्याचा धूर वेगळाच विषारी, आणि खालचा पत्रा गंजेल. पंखा वीज गेल्यावर थांबेल आणि आग काही थांबणार नाही. सुपरवायझर जरा विचार करून म्हणाला, ''बात तो सही है,'' आणि धुराडं घासून साफ करायला माणसं देतो म्हणाला. सईदनं आपला निर्णय सांगितला: करून बघा. पण आत धुराची एक रेघ जरी आली, तर त्याच दिवशी विटा.

धुराडं साफ झाल्यावर आईला वाटत होतं की स्टीलचे सरळ पाइप जोडून एकावर एक उतरवू. गच्चीवरून तिनं दोरीला वजन बांधून माप घेतलं, ते सरळ खाली गेलं. पण वजन बारीक होतं. मला कंटाळा आला होता म्हणून मी खाली शेगडीच्या मागच्या भोकाशी आईचा टिकलीचा आरसा धरून वर आभाळ दिसतंय का ते बघत बसले होते. आभाळ पूर्ण चौकोनी दिसेना. एक बाजू खाल्लेली, चंद्रकोरीसारखी.

''आई, इट्स नॉट स्ट्रेट,'' मी ओरडले.

आई खाली येऊन गुडघ्यांवर बसली, आरसा माझ्या हातातून घेतला, बराच वेळ बघितलं. बांधकामवाल्यानं मजल्याची तुळई चुकवायला धुराडं मध्येच बाजूला वाकवलं होतं. सरळ पाइप तिथे अडकलाच असता, आणि तोही सगळा आणून, जोडून झाल्यावर. आईनं माझ्या डोक्यावर काजळीचा हात ठेवला. म्हणाली, ''तू आज माझं ड्रॉइंग वाचवलंस.'' मला मार्क मिळायचे, बक्षिसं मिळायची. पण हे वाक्य मी आजही उलटंपालटं करून बघते.

आता हवा होता वाकणारा पाइप, आणि असला पाइप अल ऐनमध्ये नव्हता. शेगड्या कुणाकडे होत्या? बाबांनीच फोन फिरवून शोध लावला. तास-दीड तासाच्या अंतरावर, अल कुसैसला एक दुकान होतं, हॉटेलांच्या भट्ट्यांना, बेकऱ्यांना धुराचे पाइप पुरवणारं. पुढच्या शुक्रवारी आम्ही तिघं गाडीनं निघालो. आईनं दशम्या आणि लसणीची चटणी घेतली होती, आणि मांडीवर स्वतः काढलेलं धुराड्याचं ड्रॉइंग. रस्ताभर वाळूच्या लाल टेकड्या आणि मध्येच उंटांचं कुंपण. बाबा चेष्टेनं म्हणाले, ''कारखान्यातसुद्धा एवढी नटून जायची नाहीस.'' खरंच, तिनं इस्त्रीची साडी नेसली होती.

दुकानदार केरळचा, वयस्क, चष्मा कपाळावर ठेवून बोलणारा. त्यानं आधी बाबांशीच बोलायला सुरुवात केली. बाबांनी आईकडे बोट केलं. ''इनसे बात कीजिए. मैं तो ड्रायव्हर हूँ.'' मग त्यानं पाइप काढले. पहिला ॲल्युमिनियमचा, चुरगळणारा. तो आईनं हातही न लावता बाजूला सारला, लाकडाच्या आगीपुढे तो टिकणार नाही. दुसरा स्टीलचा, एकेरी, हलका, चकचकीत. मला तोच आवडला. तिसरा दुपदरी, बाहेरून वळ्यावळ्यांचा आणि आतून गुळगुळीत.

''पहलावाला स्टील गॅस के लिए,'' दुकानदार आता आईशी बोलत होता. ''लकड़ी का धुआँ गीला रहता है, तेज़ाब रहता है. एक साल में छेद.''

''और ये?''

''ये लकड़ी के लिए. एक होटल की भट्टी का बचा है. छह इंच.''

सहा इंच. शेगडीचं तोंडही तेवढंच. आईनं दुपदरी पाइपच्या तोंडात हात घातला आणि आतून एकदा वर, एकदा खाली फिरवला. मग माझा हात घेऊन आत घातला. एका बाजूनं मांजराच्या पाठीसारखं मऊ लागत होतं, उलट्या बाजूनं केस उलटे फिरवल्यासारखं खरखरीत. ''हा बाण बघ,'' तिनं बाहेरची खूण दाखवली. ''बाण वर. धुरातलं डांबर आतून ओघळत खाली येतं, ते कुठल्याही वळीत अडकता कामा नये. उलटा बसवला तर दोन वर्षांत सडेल.'' त्या वळ्या जवळून बघताना मला साडीला आतून लावतात त्या फॉलची आठवण झाली. बाबांनी वेटोळं गाडीच्या टपावर बांधलं. परतीच्या वाटेवर आई तीनदा मान काढून वर बघत होती, दोरी सुटली नाही ना म्हणून. मागच्या सीटवर मी दशम्या संपवल्या.

पाइपभोवती ऊब राखणारं काहीतरी भरायला हवं होतं, नाहीतर पाइप गार राहणार. आईला हवे होते भाजून फुललेल्या अभ्रकाचे दाणे, कारखान्यात भट्टीला वापरत तसे. ते कुठे मिळणार? मिळाले नर्सरीत. अल ऐन बागांचं गाव. तिथे कुंड्यांच्या मातीत पाणी धरून ठेवायला हेच दाणे मिसळतात. आई एकदा जाईचं रोप आणायला गेली असताना तिनं पोतं पाहून ओळखलं आणि रोप विसरून पोत्यांची चौकशी करत बसली. नर्सरीवाला विचारायला लागला, मॅडम, एवढी कुंड्यांची झाडं तुम्ही ठेवणार कुठे?

बसवायचा दिवस उजाडला. गच्चीवर आई, सलवारचे पाय वर खोचलेले, ओढणी कमरेला बांधलेली. तिच्याबरोबर सईद, पांढऱ्या पायघोळ कंदुऱ्याच्या बाह्या सरसावून, आणि बाबा. खाली शेगडी बाजूला सरकवून भोकाशी मी, कारण मध्यम अंगाच्या कुणालाही तिथे शिरता येत नव्हतं. खालती ओसरीवर खुर्ची टाकून बसलेल्या. त्यांना आत यायला मनाई होती, आणि त्या ती मनाई हाकांनी भरून काढत होत्या. पाइपच्या टोकाला लाकडी शंकू, शंकूला दोरी, दोरीचं दुसरं टोक माझ्या हातात. वरून आई सोडणार, खालून मी ओढणार.

पहिला अर्धा भाग अलगद आला. पाइप आत उतरताना गारेगार धातूचा, सापाच्या कातीसारखा आवाज येत होता. मग तो वाकणात आला आणि थांबला. मी ओढलं, सरकेना. वरून आईचा आवाज नळीतून आल्यासारखा घुमत आला, ''जोर लावू नकोस! फिरव!''

''हाऊ? दोरी आहे माझ्या हातात!''

''मी फिरवते, तू फक्त ताण धर. सईदभाईंना सांग, दोन्ही हातांनी धरा आणि उजवीकडे पीळ द्या.''

मी शेगडीच्या भोकातून अरबीत ओरडले, खालतींनी ओसरीवरून तेच पुन्हा गच्चीकडे ओरडून पोचवलं, म्हणजे सईदला त्याच्या आईची आज्ञा झाली. वर काहीतरी हललं. काजळी माझ्या डोळ्यांत पडली. दोरी हातात थोडी सैल झाली, मग एकदम दोन हात खाली आली, आणि लाकडी शंकू धपकन माझ्या मांडीवर. मी ओरडले, ''आला!'' वर बाबांनी टाळ्या वाजवल्या. खालतींनी जीभ हलवून लग्नात काढतात तशी किलकारी काढली. शेजारच्या बकऱ्या बावरून ओरडायला लागल्या.

बाकीचं काम निवांत झालं. खाली आईनं पत्र्याची तबकडी बसवून धुराड्याचं भोक बंद केलं, पाइपाला शेगडीचं तोंड जोडलं. वरून आम्ही सगळ्यांनी मिळून दाण्यांची पोती ओतली. ते इतके हलके की वाऱ्यावर उडून आमच्या भुवयांवर सोनेरी चमचमत राहिले. माथ्यावर पाऊस-पक्षी शिरू नयेत म्हणून टोपी. आणि आईनं हट्टानं शेगडीच्या मागच्या भिंतीत एक जाळीचं भोक पाडून घेतलं. सईद म्हणाला, हिवाळ्यात भोक कशाला? आई म्हणाली, खोली एसीसाठी डबाबंद केलेली आहे. हवा आत आली नाही तर धूर बाहेर कशाच्या जोरावर जाईल? हे मी शब्दाला शब्द सांगितलं. एव्हाना माझे शब्दही जमायला लागले होते.

पेटवायची वेळ आली. सईद हात बांधून उभा. बाबांनी खिशातली गणपतीची तसबीर काढून पुन्हा ठेवली, ते मी पाहिलं. आईनं आधी नुसता वर्तमानपत्राचा बोळा जाळला, पाइप तापायला. एक धुराची गुंडाळी दारातून बाहेर डोकावली. सईद पुढे झाला. आई त्याच्याकडे न बघता म्हणाली, ''थांबा.'' मराठीतच. आणि तो थांबला.

ती गुंडाळी क्षणभर तिथेच रेंगाळली. मग कुणीतरी आतून तिचं शेपूट धरून ओढावं तशी ती मागे वळली, शेगडीत शिरली आणि गेली. शेगडीतून हळूच, मग मोठा, घुमणारा आवाज यायला लागला. आईचा चेहरा उजळला. ''ओढ धरली,'' ती म्हणाली. समरची लाकडं घातली. दार सताड उघडं ठेवून आम्ही बसलो आणि धुराची एक रेघ आत आली नाही. मी धावत जिना चढून माझ्या खोलीत गेले, भिंतीला नाक लावलं. चुन्याचा वास. गच्चीवर गेले, टोपीखालून पातळ निळसर धूर सरळ वर, खजुराच्या झाडांच्याही वर चालला होता. मी तिथून दोन्ही हात वर करून नाचले. खाली रस्त्यावरून जाणाऱ्या सायकलवाल्यानंही हात वर केला, त्याला काय वाटलं कुणास ठाऊक.

दुसऱ्या दिवशी खलबत्ता वाजला, आणि नेहमीच्या दुप्पट बायका आल्या. या वेळी आईलाही खास बोलावणं होतं. ती दाराशी बसायला लागली, तर खालतींनी तिचा हात धरून तिला शेगडीजवळ, आपल्या शेजारी बसवलं आणि कॉफीचा पहिला कप तिला दिला. मग सगळ्यांना सांगितलं, ही उम्म मिनल, ही मुहंदिसा. मी म्हणाले, ''आई, त्या तुला इंजिनिअर म्हणतायत.''

''त्यांना सांग, मी इंजिनिअर नाही, ड्राफ्ट्समन आहे.''

मी सांगितलं. खालतींनी हात झटकला. ''ज्यानं ते पहिलं धुराडं बांधलं तो इंजिनिअर होता. ही त्याच्याहून मोठी.'' बायका हसल्या. आई हसली. कित्येक दिवसांनी, दात दिसतील असं. तिनं एक लुगैमात उचलून तोंडात टाकला, पाक हनुवटीवर ओघळला, आणि तिनं तो तसाच राहू दिला.

खालती त्यानंतर बरेच हिवाळे त्या शेगडीपुढे बसल्या. मी कॉलेजला पुण्याला गेले, सुट्टीत यायचे, आणि विमानतळावरून घरी पोचले की आधी गच्चीकडे मान जायची. आज मी जिथे राहते तिथे शेगडी नाही, धुराडंही नाही. पण कुणी मला विचारलं की तुझ्या आईनं आयुष्यात काय केलं, तर पाणी आणायला आत जायची वेळ माझ्यावर येत नाही.

पण मला सांगायचा आहे तो शेगडी पेटली त्याच आठवड्यातला एक दुपारचा फोन. मी शाळेतून येऊन वह्या पसरल्या होत्या, बाबा जेवायला घरी आले होते, आई पोळ्या लाटत होती. बाबांनी फोन घेतला. पलीकडे कुणी अरबी माणूस इंग्रजीत बोलत होता. गावाच्या दुसऱ्या टोकाला त्याचा व्हिला, त्याच्या आईनं कुणाच्या तरी मजलिसमध्ये काहीतरी ऐकलेलं. हे इंजिनिअरचं घर का, असं तो विचारत होता. हे नंतर कळलं. आम्हाला त्या वेळी फक्त बाबांचं बोलणं ऐकू आलं. आमचे बाबा, जे घरमालकाला नमस्कार करतानाही जरा वाकायचे, ते एकदम ताठ उभे राहिले.

''येस,'' ते म्हणाले. ''येस सर, धिस इज द इंजिनिअर्स हाउस. नो, नॉट मी. माय वाइफ. प्लीज वेट, आय विल कॉल हर.''

त्यांनी फोनवर तळवा ठेवला आणि स्वयंपाकघराकडे वळून, मला वाटतं सगळ्या इमारतीला ऐकू जाईल अशा आवाजात हाक मारली, ''अहो इंजिनिअर! तुमचा फोन!''

तव्यावरची पोळी करपायला लागली होती. आईनं गॅस बंद केला, पिठाचे हात धुतले, पदराला पुसले, आणि येऊन फोन कानाला लावला.

''बोला,'' ती म्हणाली.